खाण्याचा 'पाव' आणि पावशेरातला 'पाव' : शब्द एक की दोन?

धागाकर्ता, नौपाडा, ठाणे
आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एकाने ठामपणे लिहिले, की पीठ पायांनी तुडवीत असत म्हणून त्या पदार्थाला 'पाव' म्हणतात. दुसऱ्याचे म्हणणे, की लादीचा चौथा हिस्सा म्हणून तो पाव. मला दोन्ही व्युत्पत्ती अमान्य आहेत. पावशेरातला पाव संस्कृत 'पाद'वरून, म्हणजे चार पायांच्या जनावराचा एक पाय तो चौथा हिस्सा या कल्पनेतून आला. 'सपाद'चा सव्वा आणि 'पादोन'चा पाऊण ही त्याचीच भावंडे. 'देवा, मला पाव' यातला पाव 'प्राप्'पासून निघालेल्या 'पावणे' या क्रियापदाचा असून दुकानदार देतो ती पावतीही त्याच घरची आहे. खाण्याचा पाव या दोहोंचा कोणीही लागत नाही. तो पोर्तुगीजांचा शब्द, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'पानिस', ज्यातून स्पॅनिश 'पान' आणि इटालियन 'पाने' निघाले.

प्रतिसाद, वाशी
पायाची कथा मीही मानत नाही. पण चौथ्या हिश्शाची व्युत्पत्ती आपण फार लवकर निकालात काढली आहे. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी अनुनासिक उच्चार आहे. तसाच शेवट असलेला त्यांचा साबणवाचक शब्द आपल्याकडे 'साबण' झाला, मग हा 'पाण' का झाला नाही? शिवाय 'पाव' म्हणजेच भाकरी असेल, तर हिंदीत 'पावरोटी' असे दोनदा कशासाठी म्हणतात? 'पाव वजनाची रोटी' हाच अर्थ तिथे सरळ लागतो.

धागाकर्ता
साबणाची साक्ष मला ग्राह्य वाटत नाही, कारण अरबीतल्या 'साबून'मध्ये न मुळातच आहे आणि तो शब्द त्या वाटेनेही आपल्यापर्यंत पोचू शकतो. साक्षच काढायची तर 'लिलाव' या शब्दाची काढावी. पोर्तुगीज 'लैलांव' याचा शेवट त्यांच्या पावाच्या शब्दासारखाच आहे, आणि मराठीने तिथेही अनुनासिक टाकून 'आव' ठेवला. 'पावरोटी'बद्दल म्हणाल, तर परका शब्द रुजताना शेजारी ओळखीचा शब्द बसवण्याची आपली जुनी रीत आहे: 'कागदपत्र' आणि 'बाजारहाट' या शब्दांचे दोन्ही भाग एकाच अर्थाचे आहेत. आणि चौथा हिस्सा म्हणाल, तर आमच्या बेकरीतली लादी सहा पावांची असते.

प्रतिसाद, नेरूळ
माझी मातृभाषा कोंकणी असल्यामुळे एक भर घालतो. आमच्याकडे पाव घेऊन दारी येणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात आणि हा शब्द सरळ पोर्तुगीज 'पादेइरु' म्हणजे बेकरीवाला यावरून आलेला आहे. पदार्थ, तो करणारा आणि त्याचे नाव ही तिन्ही एकाच वाटेने आली असतील, तर नावापुरता वेगळा उगम शोधण्याची गरज काय? जपानी भाषेतही पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज तिथे १५४३ साली पोचले आणि तो शब्द त्यांच्याकडूनच गेला. तिथे 'पाद' या शब्दाचा काहीच संबंध नव्हता.

प्रतिसाद, वाशी
'लिलाव' या शब्दाने माझा ध्वनीचा आक्षेप संपला, हे मान्य करतो. 'कागदपत्र'ही पटते. परंतु जपानचा दाखला इथे पुरेसा नाही. तिथे मुळात दुसरा 'पाव' नव्हताच. आपल्याकडे तो घराघरात होता, पावशेर दूध आणि पावशेर तेल मोजत होता. म्हणून उगम पोर्तुगीज मानला तरी हा शब्द मराठीच्या तोंडी इतका सहज बसला, त्याला घरातल्या 'पाव'चा आधार मिळाला असावा, असे माझे मत कायम आहे.

धागाकर्ता
हे मत मी खोडून काढू शकत नाही, पण आधाराची गरजही मला दिसत नाही. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तोवर पोर्तुगीज या भागात सुमारे दोनशे वर्षे होते. 'बटाटा', 'काजू', 'चावी', 'पगार' हे त्यांचेच शब्द आपण तितक्याच सहजपणे वापरतो, आणि त्यांच्या जोडीला मराठीत आधीचा कोणताही समोच्चारी शब्द नव्हता.