खोलून बघताना डिझाइन कसं कळलं? (अनुभव धागा)

डिझाइन थिंकिंग म्हटलं की स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डी-स्कूलच्या (डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या) पाच पायऱ्या सांगतात: माणूस समजून घ्या, अडचण नेमकी मांडा, कल्पना काढा, नमुना करा, वापरून बघा. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या गाळ्यांत हे नाव न घेताच चालत आलंय. मूकपटकार बाबूराव पेंटरांनी इथंच, कोल्हापुरात स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला. तुम्ही काय खोललंत, त्यातून काय कळलं? नुसतं ‘दुरुस्त झालं’ नको, तपशील लिहा.

मसालेवाली: उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्याच्या ऑर्डरी घेते. दर हंगामात मिक्सरचा कपलर (मोटर आणि जार जोडणारा तुकडा) तुटायचा. राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्या काकांना म्हटलं, लोखंडी बसवा की एकदाचा. म्हणाले, “वहिनी, तो तुटायसाठीच हाय. तो नाही तुटला तर मोटर जाईल.” मग तो तुटतोच का, म्हणून जार हातात घेऊन पातं फिरवलं. फिरता फिरेना! खालच्या बुशमध्ये (पात्याचा दांडा फिरतो त्या नळीत) तेल आणि तिखट जाऊन घट्ट बसलेलं. इतकी वर्षं आम्ही कपलर बदलत होतो आणि दुखणं जारचं होतं. बुश बदलला. आता दळण झालं की पातं हातानं फिरवून बघते. जड लागलं की आधी साफसफाई.

बिडकाम: पॅटर्नशॉपमध्ये (ओतकामाच्या वाळूच्या साच्यासाठी नमुने, म्हणजे पॅटर्न, करतात तिथं) उमेदवारी केली. मिस्त्रींनी दिलेली मापाची पट्टी खोटीच वाटली. बिड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरमागं साधारण 10 मिलिमीटर आक्रसतं, म्हणून ती तेवढी वाढीव आखलेली. शिवाय बाजूंना उतार हवा, नाहीतर पॅटर्न उपसताना वाळू ढासळते. रेघ मारतानाच मोल्डिंगवाल्याचा (वाळूचा साचा करणाऱ्याचा) हात डोळ्यांसमोर आणायचा, हे तिथं शिकलो. (हल्लीची पोरं स्क्रीनवर झकास काढतात, उतार विसरतात, आणि मोल्डिंगवाला शिव्या घालतो.)

खवचट: आमच्या कॉलेजात डिझाइन थिंकिंगच्या नावाखाली भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. एक स्क्रूसुद्धा खोलला नाही. चहा बरा होता.

पूररेषा: 2019 च्या महापुरात घरात पाणी आलं. नंतर वायरिंग नव्यानं केलं आणि सगळी बटणं पाण्याच्या खुणेच्या वर घेतली. आजीचा हात पोचेना. रात्री दिवा लावायला ती मला हाक मारायची, मी वैतागायचो. शेवटी तिच्या खाटेजवळ दिव्याचं बटण खाली घेतलं, पण त्या लाइनला वेगळी एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) टाकली. प्लग वरच ठेवले. 2021 ला पाणी परत आलं. उतरल्यावर वरची लाइन तपासून आधी चालू करता आली, खालची सावकाश वाळवली. वायरमनला आता मीच सांगतो, पुराचं माप घेतलास, आजीचं पण घे.

वाइंडिंगवाला: नवशिक्यांनो, खोलायला टेबलफॅन घ्या, मायक्रोवेव्ह नको. प्लग काढला तरी त्याच्या आतल्या कंडेन्सरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. आणि छताचा पंखा हळू फिरत असेल तर मोटर खोलायच्या आधी कंडेन्सर बदलून बघा. बहुतेक वेळा तोच उतरलेला असतो.