मदत हवी आहे : बॉल पायथनच्या पेटीत ऊब टिकवली की दमटपणा जातो

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दीड वर्षाची बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात) आहे, मादी, नाव भुरी. परवा तिची कात तुकड्यातुकड्यांत निघाली. शेपटीच्या टोकाशी जुन्या कातीचं एक कडं अजून घट्ट बसलंय. उजवा डोळाही डाव्यापेक्षा मळकट आणि सुरकुतलेला दिसतो, म्हणजे त्यावरचा पापुद्रा निघालेला नसावा. याआधी दर वेळी कात मोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघायची. तेव्हा ती प्लॅस्टिकच्या बंद पेटीत होती. गेल्या महिन्यात तिला मोठ्या काचेच्या पेटीत हलवलं, आणि लगेच हे झालं. चूक माझ्या पेटीत आहे, हे मला दिसतंय.

पेटी १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद. वर पूर्ण जाळीचं झाकण. एका टोकाला जाळीवर सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटला जोडलेला. तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे, जेमतेम ३ सेंमी थर. गरम बाजूला ३२ अंश, थंड बाजूला २६, रात्री २५ च्या खाली जात नाही. उबेची मला काळजी नाही. आर्द्रता मात्र गरम बाजूला ३८ टक्के आणि थंड बाजूला ५३. हवी ६० ते ८०.

सकाळ-संध्याकाळ फवारा मारून पाहिला. आकडा ८० वर चढतो आणि तासाभरात परत चाळिशीत येतो. वरचा थर मात्र ओला राहतो, आणि ओल्यावर सतत पडून राहिली तर पोटाचे खवले सडतात, ही भीती आहेच. मग थर्मोस्टॅट २९ वर आणला. आर्द्रता थोडी वाढली, पण भुरी दिवसभर हीटरखालून हललीच नाही. तिला ऊब कमी पडत होती. दुसऱ्याच दिवशी परत ३२ केलं.

जाळी झाकली तर हवा कोंडेल का? आणि शेपटीच्या कड्याचं, डोळ्याचं आत्ता काय करू? तिला उगाच त्रास द्यायचा नाहीये.

प्रतिसाद :

आधी डोळ्याला हात लावू नका. चिमटा नाही, चिकटपट्टी नाही. ओढताना खालचा खरा पारदर्शक खवला निघाला तर डोळाच जातो. पुढच्या कातीबरोबर बहुतेकदा जुना पापुद्राही निघून येतो. नाही निघाला, किंवा डोळा सुजला, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

शेपटीचं कडं मात्र तसंच ठेवू नका. ते आवळून रक्तपुरवठा तोडतं आणि टोक झडतं. भोकं पाडलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला जाड टॉवेल ठेवा, आत २८ ते ३० अंश राहू द्या, अर्धा तास तिला त्याच्या घड्यांमधून फिरू द्या. टॉवेलला घासूनच कडं सुटतं. पहिल्यांदा नाही सुटलं तर उद्या पुन्हा. कोरडं असताना सोलू नका.

आता मूळ गोष्ट. तुमचे दोन आकडे फारसे वेगळे नाहीत. २६ अंशांवर ५३ टक्के असलेली हवा ३२ पर्यंत तापवली की तीच ३७-३८ टक्के दाखवते. पाणी तेवढंच असतं, गरम हवेत जास्त मावतं म्हणून टक्के उतरतात. त्यामुळे गरम टोकाचा आकडा वाढवण्यामागे लागू नका, पूर्ण पेटीत पाणी टिकवा. ते तुमच्या जाळीतून जातंय. गरम हवा वर चढते आणि दमटपणा घेऊन निघून जाते. हीटरभोवतीचा भाग मोकळा सोडून उरलेल्या जाळीचा बराचसा भाग अॅक्रिलिकच्या पत्र्याने झाका. एवढ्या फटीतून हवा खेळती राहते.

फवारा थांबवा. थर ८-१० सेंमी करा आणि पाणी कोपऱ्यांतून तळाशी ओता, वरचा थर कोरडा राहील इतकंच. तळची ओल हळूहळू वर येते. शिवाय एका लपायच्या जागेत ओलं, पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवा. कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की ती आपणहून तिथे जाईल. आणि आर्द्रता मोजायच्या मापकाची परीक्षा घ्या : बाटलीच्या झाकणात किंचित ओलं केलेलं मीठ, ते आणि मापक बंद पिशवीत, रात्रभर. ७५ दाखवायला हवं.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे, शिटीसारखा आवाज, यांपैकी काही दिसलं तर पेटी दुरुस्त करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ता :

मनापासून आभार. मिठाच्या परीक्षेत मापकाने ७३ दाखवलं, म्हणजे तो बरोबरच होता. कडं दुसऱ्या दिवशी टॉवेलमध्येच सुटलं, खालची कातडी गुलाबीसर पण धड आहे. तिसऱ्या दिवशी थंड बाजू ७२, गरम बाजू ५१, ऊब जशीच्या तशी. काल रात्री भुरी पहिल्यांदाच पेटीभर फिरली.

एक विचारायचंय. पहाटे थंड बाजूच्या काचेवर आतून पाणी धरतं आणि दुपारपर्यंत सुकतं. एवढं चालेल, की झाकण आणखी थोडं उघडू?