गच्चीच्या कडेला पाय लटपटतात, सोलरचं काम करावं का?

बाबाजीपुरा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्यासाठी आहे. वय २२, आयटीआय इलेक्ट्रिशियन, वडोदऱ्यातच छतावर सोलर बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला आहे. वायरिंग, इन्व्हर्टर, अर्थिंग, सगळ्यात हात चांगला. पण चार मजली इमारतीच्या अगाशीवर (गच्चीवर) स्ट्रक्चरच्या, म्हणजे पॅनेल बसवायच्या सांगाड्याच्या, वर चढायचं म्हटलं की पाय लटपटतात, तळवे घामेजतात आणि कुणीतरी खाली ओढतंय असं वाटतं. कठड्याच्या आत उभा असेल तर काही होत नाही. सोबतची पोरं त्याला इमारतींना लटकणाऱ्यांचे व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, भीती मेली की काम आलं.

हा आजार आहे का? सवय करायची तर कशी? आणि ते वर चढणारे खरंच घाबरत नाहीत?

फिजिओ_अलकापुरी

"कठड्याच्या आत काही होत नाही" हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, त्यावरून बरंच कळतं.

उभं असताना शरीर सतत थोडं झुलत असतं. ते सावरायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, आतला कान आणि तळवे-सांधे. हातभर अंतरावर भिंत असेल तर डोकं दोन सेंटिमीटर हललं तरी भिंत नजरेत सरकते आणि मेंदू लगेच सावरतो. पण जवळ काहीच नसेल आणि समोर थेट पलीकडची इमारत असेल, तर तेवढ्या हलण्याने चित्र सरकल्याचं कळतच नाही. डोळे सांगतात "स्थिर", कान आणि तळवे सांगतात "झुलतोय". तोल जाणं, ओढल्यासारखं वाटणं हे त्यातून येतं. हे कमीजास्त प्रमाणात सगळ्यांना होतं, आजार नव्हे. त्यावर घाबरून माणूस गुडघे-घोटे ताठ करतो, म्हणून पाय थरथरतात. भराभर श्वास घेतो, म्हणून डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात.

उपाय साधे आहेत. पाय फूटभर अंतरावर, गुडघे किंचित सैल. नजर एक-दीड मीटरवरच्या हलत नसलेल्या वस्तूवर, म्हणजे स्ट्रक्चरचा पाय, एखादा नट. ढग, रस्त्यावरची वाहनं आणि मोबाइलचा कॅमेरा यांकडे पाहू नये. एका बोटाचा हलका स्पर्श पाइपला असू द्यावा. आवळून धरायची गरज नाही, नुसत्या स्पर्शानेही झुलणं कमी होतं. श्वास आत घेताना चार आकडे मोजावेत, सोडताना सहा.

मात्र जमिनीवरही चक्कर येत असेल तर वेगळं. अंथरुणात कूस बदलताना खोली अर्धा-एक मिनिट गरगरत असेल तर तो बहुधा कानातल्या कणांचा त्रास असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमाने वळवून तो बरा करतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर उंचावरचं काम नकोच. झोपेची किंवा भीतीची गोळी घेऊन वर चढणं सर्वांत वाईट, कारण त्या गोळ्या तोलच बिघडवतात.

रिगर_मकरपुरा

मामा, मला वाटतं पोराची भीती इथे खरं बोलतेय. अगाशीचा कठडा साधारण तीन-साडेतीन फूट असतो. अगाशी वापरात राहावी म्हणून स्ट्रक्चर सात-आठ फूट वर घेतात. त्यावर चढलेल्या माणसाला कठडा गुडघ्यालाही लागत नाही, तो पार पायाखाली राहतो. त्यात ५५० वॅटचं पॅनेल सुमारे २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि २८ ते ३२ किलोचं. वाऱ्यात ते शिडासारखं फिरतं, आणि दोघे उचलून नेताना एकजण हमखास उलट पावली चालतो. माणसं पडतात ती अशीच.

म्हणून भीतीच्या आधी बांधणी बघा. कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, आयएस ३५२१ छापलेला. मागची डी-रिंग (दोरी अडकवायची कडी) दोन्ही खांद्यांच्या मधोमध यायला हवी. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. छातीचा पट्टा सैल राहिला तर उलटं पडताना माणूस हार्नेसमधून निसटू शकतो. लॅनयार्ड (हार्नेसला पक्क्या आधाराशी जोडणारी दोरी) दोन हुकांची, म्हणजे एक काढण्याआधी दुसरा अडकलेला.

साइटवर सर्रास होणारी चूक वेगळीच आहे. लॅनयार्ड १.८ मीटर, झटका शोषणारी पिशवी उघडली की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, डी-रिंगेखालचं शरीर दीड मीटर, शिवाय खाली मीटरभर मोकळी जागा. बेरीज सहा मीटर, एवढी उंची हुकाखाली हवी. स्ट्रक्चर अडीच मीटरचं! म्हणजे पायाजवळ हूक लावून आतल्या बाजूला पडला तर लॅनयार्ड ताणली जाण्याआधीच तो अगाशीवर आदळेल. अशा ठिकाणी पडलेल्याला झेलण्यापेक्षा कडेपर्यंत पोचूच न देणारी बांधणी करावी. गच्चीच्या मध्यभागी अँकर (दोरी बांधायचा पक्का आधार) आणि दोरी मोजून एवढीच की माणूस कडेच्या मीटरभर आधीच अडेल. आतल्या बाजूसाठी चाकाची परांची लावून तिच्यावर उभं राहून नट आवळता येतात, रेलवर (पॅनेल टेकतं त्या पट्टीवर) चढायचं कामच निम्मं कमी होतं.

अँकर आरसीसी कॉलम-बीमला. पाण्याच्या टाकीचा पाइप, विटांचा कठडा, पॅनेलची रेल यांना कधीच नाही. आणि कारखान्याच्या शेडवर सिमेंटच्या पत्र्यावर किंवा उजेडासाठी लावलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाऊल ठेवू नये. तिथे कडेवरून नाही, पत्रा फुटून माणूस खाली जातो.

समुपदेशक_रावपुरा

सवयीबद्दल. नियम एकच: चढणीची पायरी अशी निवडायची की भीती दहापैकी चार-पाच होईल, आणि ती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. भीती ऐन भरात असताना खाली उतरलं तर मेंदू "उतरलो म्हणून वाचलो" एवढंच शिकतो. आठवड्यातून चार-पाच दिवस करावं; महिन्यातून एकदा धाडस करून काही होत नाही.

वडोदऱ्यात पायऱ्या भरपूर आहेत. दुसऱ्या मजल्याची गॅलरी. मग मॉलच्या वरच्या मजल्यावर कठड्याशी उभं राहणं. मग स्वतःच्या इमारतीची अगाशी, आधी कठड्यापासून दोन मीटर, मग एक, मग हात टेकून, शेवटी हात काढून. त्यानंतर पावागडला माचीपासून पायऱ्यांनी चढावं. रोपवे या कामाचा नाही, डोळे मिटून बसलं की तो पार पडतो आणि शिकणं शून्य. सराव कायम पक्क्या कठड्याआड, उघड्या कडेवर कधीही नाही. आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दिवसांत अगाशीवर मुळीच नाही. मान वर, समोर नुसतं आभाळ, पाय मागे मागे. अनुभवी माणसाचाही तोल तिथे जातो.

दांडियाबाजार

व्हिडिओवाल्यांबद्दल. फ्रान्सचा आलँ रोबेर जगभरच्या उंच इमारती चढला. १९८२ मध्ये तो दोनदा पडला आणि तेव्हापासून त्याला चक्करीचा त्रास आहे, तरी चढतो. २०११ मध्ये ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा मात्र दोर आणि हार्नेस लावून चढला, कारण आयोजकांची ती अटच होती. अमेरिकेच्या कडे चढणाऱ्या ॲलेक्स होनोल्डच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा इतरांना अस्वस्थ करणारी चित्रं पाहून भीतीशी जोडलेला भाग त्याच्यात जवळजवळ जागा झाला नाही. पण तो जन्मतःच तसा की वर्षानुवर्षांच्या सरावाने झाला, हे त्या तपासणीतून ठरत नाही. ३ जून २०१७ ला एल कॅपिटनचा कडा त्याने विनादोर चढला, त्याआधी तोच मार्ग दोर लावून पुन्हा पुन्हा घोकला होता. २०१६ मध्ये विनादोर सुरुवात करून मन तयार नाही म्हणून तो परतही फिरला. परत फिरण्याचा व्हिडिओ पोरं दाखवत नाहीत.

आणि चीनचा वू योंगनिंग. नोव्हेंबर २०१७, चांगशातली ६२ मजली इमारत. कडेला लटकून पुल-अप काढताना हातातली ताकद संपली, वर येता आलं नाही आणि तो पडून गेला. भीती नव्हती, पकड संपली. लटकलेल्या हाताला थकायला मिनिटं पुरतात, ते त्या पोरांना सांगा.

बाबाजीपुरा_मामा

सर्वांचे मनापासून आभार. चक्कर त्याला जमिनीवर कधी येत नाही. रिगरदादा, ठेकेदाराला नेमकं काय विचारू? आणि हार्नेस जुना दिला तर ओळखायचा कसा?

रिगर_मकरपुरा

मामा, तीन गोष्टी विचारा: अँकर कुठे आहे, वारा वाढला की काम थांबवायचं कोण ठरवतो, आणि कुणी लटकला तर खाली कसा आणणार. तिसऱ्याला "अग्निशमनवाले येतील" एवढंच उत्तर मिळालं तर पोराला वर पाठवू नका. मांडीचे पट्टे आवळून निश्चल लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध पडू शकतो. सुटकेची दोरी आणि ती चालवता येणारा माणूस गच्चीवरच हवा. लटकलेल्याने पाय हलवत राहावं, दोरीचा फास करून त्यात पाय रोवून उभं राहावं. खाली आणल्यावर आडवं झोपवून १०८ ला फोन करा.

हार्नेस तपासताना पट्टी दोन्ही हातांत धरून उलट्या यू सारखी वाकवा, तुटलेले धागे उभे राहतात. रंग विटला असेल किंवा पट्टी कडक लागत असेल तर उन्हाने खाल्लेली आहे. शिवण उसवलेली, रंगाचे किंवा ॲसिडचे डाग, वाचता न येणारं लेबल, यांतलं एकही असेल तर परत द्या. झटका शोषणाऱ्या पिशवीची शिवण थोडीही उघडलेली दिसली तर ती एकदा पडून झालेली आहे. ती कापूनच टाका, नाहीतर दुसरा कुणीतरी घालेल.