मदत हवी आहे : मे महिन्यात नालाकामावर २२ मजूर, सावली आणि पाण्याचं नियोजन

भुसावळजवळ नाल्याचं काँक्रीटचं काम आहे. मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो, म्हणून काम सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४:३० ते ६:३०.

पाण्याचा हिशोब असा: दर २० मिनिटांनी एक पेला, २५० मिली. म्हणजे माणशी तासाला पाऊण लिटर. २२ जणांना ७ तासांत साधारण ११६ लिटर. २० लिटरचे सहा जार पुरतात, हात-तोंड धुण्याचं पाणी वेगळं. आपल्याकडच्या कोरड्या झळांत घाम अंगावरच वाळतो, त्यामुळे तहान लागायची वाट बघून चालत नाही. नवीन मजुराला पहिल्या दिवशी २० टक्केच काम, मग रोज २० टक्के वाढ.

अडतंय ते इथे:

सावली. पत्र्याखाली भट्टी होते. हिरवी शेडनेट लावावी तर वावटळीत उडते, आणि काम रोज १५-२० मीटर पुढे सरकतं. चार माणसांना उचलता येईल असा सांगाडा कोणी केलाय का? पाइप किती इंची, वजन कशाचं?

बायका मुद्दाम पाणी कमी पितात, कारण आडोसा नाही. (खरं दुखणं हेच.) हलवता येणारं शौचालय जळगाव-धुळ्याकडे भाड्याने मिळतं का?

ओआरएस सगळ्यांना द्यावं की फक्त खोदाईवाल्यांना? बीपीवाल्यांचं काय करता?

कोणी बरळायला लागला तर सावलीत नेऊन अंगावर पाणी, वारा आणि १०८, एवढं सगळ्यांना शिकवलंय.