बजेटसाठी महापालिकेला कामं सुचवायचा फॉर्म कोणी भरलाय का? पुढे काही होतं का त्याचं?

चौथा_मजला:
मंडळी, आमच्या महापालिकेनं (शहराचं नाव मुद्दाम टाकत नाहीये) पेपरात दिलंय की पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी नागरिकांनी कामं सुचवावीत, फॉर्म क्षेत्रीय ऑफिसात मिळतील. मागच्या वर्षी सोसायटीतल्या दोन काकांना घेऊन मी रीतसर भरला होता, बसस्टॉपपासून शाळेच्या गेटपर्यंत फुटपाथच नाही, पोरं रस्त्यावरून चालतात, तर तो करा म्हणून. पोच पण घेतली. पुढे काहीच कळलं नाही, फुटपाथ तर नाहीच, उलट शेजारच्या गल्लीत तीन बाकडी आली जी कोणी मागितली ते त्या गल्लीतल्यांनाही माहीत नाही 😅 आई म्हणते परत भर, बाबा म्हणतात रद्दी कशाला वाढवतोस. तर भरू का?

पेठेतला_भाडेकरू:
भरा. पुण्यात हे २००६ पासून चालू आहे, नितीन करीर आयुक्त होते तेव्हापासून, त्यामुळे इथल्या लोकांनी बऱ्याच चुका आधीच करून ठेवल्यात त्या तुम्ही करू नका. पहिली म्हणजे मोठं काम लिहिणं. इकडे एका कामाला पाच लाखांची मर्यादा ठेवली होती, तुमच्याकडे किती ते फॉर्मच्या मागे बघा. उड्डाणपूल करा, ट्रॅफिक सुधारा असलं लिहिलं की गेला कचऱ्यात. दुसरं, जागा कोणाची ते बघा. सोसायटीच्या कंपाउंडच्या आतलं काम चालत नाही आणि रस्ता अजून पालिकेच्या ताब्यातच आला नसेल तर तिथेही अडतं. "फुटपाथ करा" एवढंच न लिहिता "बसस्टॉप ते शाळेचं गेट, डावी बाजू, अंदाजे ८० मीटर" असं लिहा, सोबत दोन फोटो. आणि जमा करायच्या आधी वॉर्डातल्या जेईला (ज्युनियर इंजिनिअर) भेटा हो, एस्टिमेट शेवटी तोच करणार, त्याला जागा माहीत असली की निम्मं काम झालं.

बारा_भानगडी:
वरचं सगळं बरोबर पण खरी गंमत नंतर असते. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, नगरसेवकांची ही छोटी समिती त्यात बदल करते, मग सगळ्या नगरसेवकांची मुख्य सभा. तुमचं काम मंजूर झालं तर बजेटच्या पुस्तकात त्याची ओळ असते, कामाचं नाव आणि समोर तरतूद. ती ओळ शोधा!! ओळ नसेल तर वर्षभर कोणाशी भांडून उपयोग नाही आणि ओळ असेल तरी निवांत बसू नका, कारण वर्षाच्या मध्यात वर्गीकरण नावाचा प्रकार होतो, म्हणजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला. कागदोपत्री सगळं नियमात, सभेची मंजुरी वगैरे. ज्या कामाची कोणी विचारपूस करत नाही त्याचेच पैसे आधी उचलतात हा माझा अंदाज, पुरावा मागू नका. तुमची बाकडी तशीच आली असतील किंवा नगरसेवकाच्या यादीतली असतील, बाकडं स्वस्त पडतं आणि वर नाव रंगवता येतं.

गावाकडची_सुमन:
शहरवाल्यांना निदान फॉर्म तरी मिळतो 😀 आमच्याकडे ग्रामसभा. वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीला येतात, आराखडा ग्रामसभेत ठरवायचा असा नियम. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. तेवढे जमत नाहीत म्हणून सभा तहकूब आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, मग पंचवीस माणसांत आराखडा पास. आम्ही बायकांनी एक केलं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते ती खरंच घ्यायला लावली, त्यात अंगणवाडीच्या संडासाचा ठराव केला आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिल्याशिवाय उठलोच नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले उद्या लिहितो, म्हटलं आज लिहा, आम्ही चहा करतो. झाला संडास, दीड वर्ष लागलं पण झाला.

कोपऱ्यावरचा:
सुमनताईंना _/\_. पण फॉर्म भरतं कोण तेही बघा ना. ऑफिसच्या वेळात क्षेत्रीय कार्यालयात जाऊ शकणारे रिटायर्ड काका. वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई कधी जाणार? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ साली हे सुरू झालं तेव्हा भागाभागात सभा घेऊन लोक हात वर करून ठरवायचे की आधी गटार का आधी रस्ता, आणि त्यात गरीब वस्त्यांमधली माणसं भरपूर यायची. आपल्याकडे सूचना पेटीत टाकायची आणि घरी जायचं, शेजाऱ्यानं काय मागितलं तेही कळत नाही. महाराष्ट्रात २००९ मध्ये क्षेत्रसभेचा, म्हणजे शहरातल्या ग्रामसभेचाच, कायदा झालाय म्हणे, तुमच्यापैकी कोणी एक तरी क्षेत्रसभा पाहिली असेल तर सांगा, मी पार्टी देतो.

चौथा_मजला:
अपडेट. वेबसाइटवरून चालू बजेटची पीडीएफ उतरवली, स्कॅन केलेली आहे त्यामुळे सर्च चालत नाही, रात्री दीडपर्यंत पानं चाळली आणि ओळ सापडली!! रस्त्याचं नाव चुकलंय पण "शाळेलगत पादचारी मार्ग करणे", समोर ४ लाख. म्हणजे काम मंजूर होतं आणि आम्ही वर्षभर गप्प. मार्चला अजून वेळ आहे, वर्गीकरणात गेले का तेच विचारायला उद्या प्रिंट घेऊन जेईकडे चाललोय. नवीन फॉर्म पण भरतोय, या वेळी मीटरमध्ये. बाबा म्हणालेत मी पण येतो.

बारा_भानगडी:
प्रिंटवर पान नंबर लिहून न्या. आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका.