मांडीवरचे खळगे: पार्लरचं पॅकेज घेऊ का?

चाफेकळी:
वय ३४, वजन ५४ किलो. शिवाजी पार्कच्या जलतरण तलावात नाव घालायचं म्हणून परवा कॉस्च्युम घालून बघितला. ट्रायल रूमच्या त्या पांढऱ्याफटक दिव्यात मांड्यांच्या मागे संत्र्याच्या सालीसारखे खळगेच खळगे! पार्लरवाली म्हणते, "सेल्युलाइट आहे, टॉक्सिन्स साठलेत." दहा सिटिंगचे २८ हजार. कोणी केलंय का? कायमचं जातं का?

बटाटेपोहे:
कॉफी पावडर खोबरेल तेलात कालवून चोळ. माझ्या वहिनीला फरक पडला.

निंबोणी:
कॉफीने बाथरूमची जाळी तुंबते, एवढा फरक मीही पाहिलाय. कॅफिनने कातडी थोडा वेळ घट्ट दिसते, बस.

चाफेकळी, टॉक्सिन्स वगैरे काही नसतं गं. घरची कापसाची गादी आठव. टाका घातला की तिथे खड्डा, मधला कापूस फुगीर. कातडीखालीही तेच. कातडीपासून खालच्या थरापर्यंत तंतूंचे पट्टे जातात आणि मधल्या कप्प्यांत चरबी असते. पट्टे खाली ओढतात, चरबी वर येते. बायकांचे पट्टे बरेचसे उभे, पुरुषांचे तिरके, एकमेकांना छेदणारे, बाजेच्या विणीसारखे. त्यामुळे त्यांची चरबी दबून राहते. वयात आलेल्या ८० ते ९० टक्के बायकांना हे थोडंफार असतंच, बारीक असल्या तरी. वय वाढलं, कातडी पातळ झाली की जास्त दिसतं. वजन उतरवलंस तर कापूस कमी होईल, टाके तिथेच.

चाफेकळी:
तरीच! आमच्या ह्यांचं पोट सुटलंय पण मांड्या गुळगुळीत. मग टाकेच कापता येत नाहीत का?

निंबोणी:
येतात की. सबसिजन म्हणतात त्याला. जागा बधिर करून बारीक पात्याने पट्टे कापतात. ठळक, सुटे खळगे असतील तर बरा उपयोग होतो, कातडी सैल असेल तर नाही. काळंनिळं होतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ते डाग लवकर जात नाहीत. पट्टे विरघळवणारं 'क्वो' नावाचं इंजेक्शनही अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं होतं. काळेनिळे डाग फार, म्हणून २०२२ च्या अखेरीस कंपनीनेच बंद केलं. लायपोसक्शन तर यासाठी नकोच, उलट खळगे वाढू शकतात.

लेडीज_डबा:
मी रेडिओफ्रिक्वेन्सीच्या (यंत्राने कातडीखाली शेक देतात, त्या) आठ सिटिंग केल्यात, नाव नाही सांगत. दोन महिने छान दिसलं, दिवाळीपर्यंत पुन्हा जैसे थे. मग कळलं की 'मेंटेनन्स पॅकेज' वेगळं असतं. करायचंच असेल तर आधी एमडी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. तुला दादरहून केईएम जवळ आहे, त्वचेच्या ओपीडीत केसपेपर काढ.

आणि हो, मांडी लाल, गरम, ठणकणारी झाली तर ते सेल्युलाइट नव्हे. तो सेल्युलायटिस, जंतुसंसर्ग. नाव सारखं म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बटाटेपोहे:
वहिनीला विचारलं. ती म्हणे, फरक पडला तो केसांना.

चाफेकळी:
😄 पॅकेज रद्द. तलावावर गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम चालतो ना?

लेडीज_डबा:
चालतो. टोपी घरून ने.