चित्रकलेची ॲप्स आणि सॉफ्टवेअर : तुमच्या हाताला कोणते रुळले?

धागाकर्ता, अंबाजोगाई
गेल्या आठवड्यात शाळेतले कपाट आवरताना माझी जुनी रंगपेटी सापडली. तिच्यात क्रिमसन लेकची एक नळी होती. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी वडिलांनी ती परळीहून आणून दिली होती आणि मी ती इतकी जपली की तिचे टोपण कधी उघडलेच नाही. ती हातात घेऊन उभा असतानाच नववीतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, डिजिटल चित्र शिकायचे तर कोणते ॲप घेऊ?" तिच्याकडे फक्त आईचा अँड्रॉइड फोन आहे. तेव्हापासून वाटते आहे की तिच्या हाती पहिली नळी आपण कोणती द्यावी.

मी स्वतः शाळेच्या जुन्या संगणकावर क्रिता वापरतो. ते मोफत आणि मुक्तस्रोत असल्यामुळे दरवर्षी परवान्यासाठी कोणापुढे अर्ज करावा लागत नाही, हे माझ्यासारख्या कलाशिक्षकाला फार मोलाचे आहे. मात्र पहिले आठ दिवस पेन कितीही दाबले तरी रेषा सारख्याच जाडीची येत होती. पेन टॅब्लेट (संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) खराब निघाला असे समजून मी तो परत करणार होतो. शेवटी क्रिताच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅबऐवजी विंडोज इंक (पेनचा दाब संगणकाला कळवण्याच्या या दोन पद्धती) निवडले आणि पुढची रेषा बोरूने काढल्यासारखी बारीक-जाड उमटली. आपापले अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

परभणी
सर, तिला निःशंकपणे आयबिसपेंट द्या. क्रिताची अँड्रॉइड आवृत्ती टॅबलेटसाठी आहे, फोनसाठी नाही. माझे लेकरू मांडीवर असताना मी एका बोटाने आयबिसपेंटवरच शिकले. मोफत आवृत्तीत जाहिराती येतात, परंतु लेअर (चित्राचे एकावर एक ठेवायचे पारदर्शक थर), रेषा स्थिर करण्याची सोय आणि चित्र कसे घडले याची आपोआप होणारी चित्रफीत हे सारे त्यात आहे. बोटाचा दाब फोनला कळत नाही, म्हणून रेषेची दोन्ही टोके निमुळती करण्याची सोय तिला आधी दाखवा. खरी अडचण लहान पडद्याची आहे. डोळा काढण्यासाठी आपण चित्र मोठे करतो, पापणीचा केसन् केस रंगवतो, आणि पूर्ण चेहरा पाहतो तेव्हा तोच डोळा कानाकडे सरकलेला असतो. दर पाच मिनिटांनी संपूर्ण चित्र पडद्यावर आणून पाहण्याची सवय मला फार उशिरा लागली.

जालना
सर, ती नळी आता तरी उघडून पाहिलीत का?

धागाकर्ता, अंबाजोगाई
आपला प्रतिसाद वाचूनच उघडली. तोंडाशी रंग दगड झाला आहे, पण तळाशी दाबल्यावर अजून मऊ लागतो. नळी उलट्या बाजूने कापून त्या विद्यार्थिनीलाच पहिला हात मारायला देणार आहे.

नांदेड
मी वापरलेला आयपॅड विकत घेऊन प्रोक्रिएटवर काम करतो. एकदाच पैसे भरावे लागतात आणि 250 पायऱ्यांपर्यंत मागे जाता येते. चित्र बंद करून गॅलरीत आलो की मात्र त्या पायऱ्या पुसल्या जातात. ते अँड्रॉइडवर उपलब्धच नाही, त्यामुळे त्या मुलीसाठी हा मार्ग सध्या नाही. कॅनव्हास जितका मोठा तितके लेअर कमी मिळतात. 300 डीपीआयचा (इंचाला 300 ठिपके) ए-3 कागद म्हणजे 3508 × 4961 पिक्सेल होतात आणि माझ्या जुन्या यंत्रावर तेवढ्या आकाराला लेअर अगदी मोजके उरतात.

माझे मोठे नुकसान छपाईत झाले. एका पुस्तकाचे मुखपृष्ठ मी आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत, रंगवले. पडद्यावर ज्वारीचे कोवळे रान पोपटी दिसत होते, आणि छापून आले ते शेवाळलेल्या पाण्यासारखे. छापखान्याचा त्यात दोष नव्हता, कारण छपाईच्या चार शाईंत तो पोपटी बसतच नाही. आता छपाईचे काम असेल तर कॅनव्हास उघडतानाच सीएमवायके ही चार शाईंची रंगपद्धत निवडतो. क्रिता आणि फोटोशॉपमध्येही ही सोय आहे.

पैठण
आमच्या घरी पैठणीचा माग आहे, म्हणून माझी गरज थोडी वेगळी आहे. पूर्वी काठाची नक्षी आलेख कागदावर एकेक चौकट भरून काढली जायची. आता मी ती क्रितामध्ये काढतो, कारण त्यात डब्ल्यू ही कळ दाबली की चित्र चारही बाजूंनी स्वतःलाच जोडले जाते. आसावलीची (पैठणीवरच्या पारंपरिक नक्षीची) वेल उजवीकडून बाहेर गेली की डावीकडून आत येते आणि जोड कुठे चुकला ते तिथल्या तिथे दिसते. जुन्या संगणकावर ग्राफिक्सचा प्रवेग (चित्र दाखवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे देणारी सोय) बंद असेल तर हे चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

सुरुवातीला मी साध्या ब्रशने मुनिया, म्हणजे पैठणीवरचा पोपट, काढली. पडद्यावर ती सुरेख दिसली, परंतु मोठी करून पाहिली तेव्हा चोचीच्या लाल आणि पाठीच्या हिरव्या रंगांमध्ये मळकट छटांची एक रांगच होती. कड मऊ दिसावी म्हणून ब्रश त्या छटा स्वतः भरतो. मागावर प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी असते, तिथे मधली छटा नावाची गोष्टच नाही. तेव्हापासून मी कड मऊ न करणारा पिक्सेल ब्रशच वापरतो.

लातूर
मी शुभेच्छापत्रे आणि भित्तिपत्रके करते, त्यामुळे चित्रात मराठी अक्षरे लागतातच. फोटोशॉपमध्ये माझी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर बसत असे आणि जोडाक्षरे हलंत देऊन सुटी पडत. कित्येक महिने मी अक्षरे दुसरीकडे लिहून त्यांचे चित्र आणून चिकटवत होते. नंतर कळले की टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केले की युनिकोड मराठी नीट उमटते. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी मुद्दाम लिहीत आहे. 2013पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात आणि ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यात ती वर्गणी जड जाते, हे मी सोसले आहे.

छत्रपती संभाजीनगर
रेषा स्थिर करण्याच्या सोयीबद्दल थोडे लिहितो. अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राचा अभ्यास मी डिजिटल माध्यमात केला. भुवईची रेषा थरथरू नये म्हणून स्थिरता पुष्कळ वाढवली, तेव्हा ती तारेसारखी गुळगुळीत आली आणि चेहऱ्यावरची करुणा निघून गेली. सोय पूर्ण बंद करून, खांद्यापासून हात फिरवून, मी ती पुन्हा पुन्हा काढली, तेव्हा कुठे ती थोडी जवळ आली. चित्रकथेच्या शाईकामासाठी मात्र मला क्लिप स्टुडिओ पेंट आवडते. त्याच्या व्हेक्टर लेअरवर (जिथे रेषा ठिपक्यांऐवजी वक्र म्हणून साठते) दोन रेषा एकमेकींना ओलांडून गेल्या, तर खोडरबर लावताच जास्तीचे टोक छेदापर्यंत नेमके पुसले जाते.

धाराशिव
टेबलावरचे संगणक वापरणाऱ्यांना एकच विनंती आहे. लाइट सांगून जात नाही, म्हणून क्रिताच्या सेटिंगमध्ये ऑटोसेव्हची (काम आपोआप जतन होण्याची) वेळ कमी करून घ्यावी. वेळ अमावास्येच्या शेतातल्या पूजेचे माझे चित्र, कडब्याच्या कोपीसकट, तीन तासांच्या कामानंतर एका क्षणात गेले आणि ते पुन्हा तसे जमले नाही.

बीड
सर, माझ्याकडे एक पेन टॅब्लेट पडून आहे. त्याच्या पेनची निब झिजली आहे, पण जादा निबा डबीत आहेत. ओटीजीच्या (फोनला यूएसबी उपकरण लावण्याच्या) जोडणीने तो माझ्या अँड्रॉइड फोनवर चालत होता आणि आयबिसपेंटमध्ये दाबही येत होता. सर्वच फोनवर तसे होत नाही, म्हणून तिच्या आईच्या फोनचे मॉडेल आधी विचारून घ्या. रविवारी मी अंबाजोगाईला येणार आहे.

धागाकर्ता, अंबाजोगाई
ताई, मॉडेल उद्या सकाळी तिला विचारून इथेच लिहितो. रविवारी मी शाळेत थांबेन.